चौदा सेकंदांचा इलाज

मला धावता येत नव्हतं, म्हणून मी धावणाऱ्यांच्या चुका काढायला लागलो.

अमरावतीच्या एका व्यायामशाळेत मी तेव्हा मदतनीस होतो. पंचविशी नुकतीच ओलांडली होती. मदतनीस म्हणजे सकाळी हजेरी घ्यायची, पोरांच्या जोर-बैठका मोजायच्या, आणि सर मैदानावर आले की त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालायचं. यातलं तिसरं काम मला फार चांगलं जमत असे. सर थांबले की मी थांबे, सरांनी मान हलवली की मीही हलवी, आणि ती कशासाठी हलवली हे मागाहून समजून घेई.

सरांना कोणी चाहत्याने एक स्टॉपवॉच भेट दिलं होतं. त्यातले बारीक आकडे त्यांना दिसत नसत आणि चष्मा लावणं त्यांना पहिलवानकीला कमीपणा आणणारं वाटे. म्हणून ते घड्याळ माझ्या गळ्यात आलं. त्या दिवसापासून माझ्या बोलण्याला वजन आलं. आधी मी म्हणायचो की अमका दमतो, तर लोक म्हणायचे, तू गप बस. आता मी म्हणू लागलो की अमका तिसऱ्या फेरीत सहा सेकंद दमतो, तर लोक वही पाहायला जमू लागले.

दर साली अमरावती आणि अकोला या दोन गावांच्या व्यायामशाळांची कसरतीची शर्यत होई, एक साल इकडे, एक साल तिकडे. मैदानाला सात फेऱ्या आणि दोन फेऱ्यांच्या मधे एकेक काम. दोरावर चढून उतरायचं, बैठका काढायच्या, मुद्गलांची जोडी फिरवायची, जोर मारायचे, लाकडी भिंतीवरून उडी टाकायची, आणि सगळ्यात शेवटी वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन चुन्याच्या रेघेपर्यंत न्यायचं. तिसऱ्या कामानंतर पाण्याचा थांबा. प्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, घड्याळ मात्र चालूच. अकोलेकरांना आम्ही गाद्या भरणारे म्हणायचो, कारण त्यांचे निम्मे गडी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. ते आम्हाला भाषणवाले म्हणायचे. दोन्हीत खोटं काही नव्हतं.

त्या वर्षी शर्यतीला एक वेगळं महत्त्व आलं होतं. शारीरिक शिक्षणाच्या कोर्ससाठी आमच्या व्यायामशाळेला एका उमेदवाराची शिफारस करता येणार होती. राहणं-खाणं तिथेच, आणि कोर्स संपला की हायस्कुलात मास्तरकी. सरांनी जाहीर केलं की अकोल्याच्या शर्यतीत आपल्या सहा गड्यांपैकी जो पहिला येईल, त्याचं नाव जाईल. वशिला चालणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्या सहांत एक चांदूर रेल्वेचा होता. बाप रेल्वेत गँगमन. हा मॅट्रिक झालेला, अमरावतीत एका वखारीत लाकडं उचलायचा आणि सकाळी मैदानावर यायचा. कोर्सच्या वयाची मर्यादा त्याची त्याच साली संपत होती. म्हणजे ही शर्यत नाही तर पुढे काही नाही. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण अर्ज मीच भरून घेत होतो, त्यामुळे मला ठाऊक होतं. छप्पन साली घरच्या सगळ्यांसोबत नागपूरला जाऊन त्याने दीक्षा घेतली होती. आमच्या कमिटीतल्या एका वकिलाने तेव्हा मोठ्या आपुलकीने विचारलं होतं की आता तुम्हा लोकांना नेमकं म्हणायचं तरी काय. तो म्हणाला होता, "नावानं म्हना ना, वकील सायेब." वकिलांना त्याचं नाव माहीत नव्हतं. विषय तिथेच मिटला.

आमच्याकडे जातपात नव्हती. हे मी आमच्या अध्यक्षांच्या शब्दांत सांगतो आहे. दर वर्धापनदिनी ते तासभर हेच सांगत की या मातीत उतरला की माणूस फक्त माणूस. माती सगळ्यांची एक होती हे खरं. जोडी एक, दोर एक, पोतंही एक. फक्त पाण्याचे रांजण कडुलिंबाखाली होते, आणि माती तिथपर्यंत पोचत नसावी.

शर्यतीच्या चार-पाच महिने आधी मी त्याच्या धावण्याचा अभ्यास हाती घेतला. माझ्यावर तशी कोणी सक्ती केली नव्हती. मला नाव काढायचं होतं. आलेखाचा कागद आणला, लाल आणि निळी शाई आणली. प्रत्येक फेरीचा, प्रत्येक कामाचा वेळ वेगळा टिपू लागलो. आठवडाभरात चित्र असं दिसलं की हा गडी धावण्यात बाकी पाचांच्या पुढे, दोरावर पुढे, पोत्यात तर फारच पुढे, कारण दिवसभर वखारीत तेच करायचा. आणि तरी एकूण वेळेत तो दुसरा किंवा तिसरा. मधेच कुठेतरी त्याचे चौदा सेकंद गळत होते. पाण्याच्या थांब्यावर बाकीच्यांना पाच सेकंद लागत, याला एकोणीस. रोज. एक दिवस अठरा, एक दिवस वीस, पण बहुतेक एकोणीस.

मी निदान केलं की दम कमी आहे. तीन कामांनंतर छाती भरून येते, म्हणून हा पाण्याच्या निमित्ताने विसावा घेतो. सरांना आलेख दाखवला. त्यांनी तो उलटा धरला आणि म्हणाले, शास्त्रीय आहे.

मग इलाज सुरू झाले. पहाटे दीर्घ श्वास. मग छातीवर वीट ठेवून दीर्घ श्वास. मग मालटेकडी चढत दीर्घ श्वास. सरांचं मत होतं की दमाचा संबंध पोटाशी असतो, म्हणून भाकर अर्धी केली आणि भिजवलेले हरभरे दुप्पट. त्याने सगळं केलं. एकदा एवढंच म्हणाला, "भाऊ, हरबऱ्यानं दम वाढते का आवाज वाढते?" मी हसलो नाही. शास्त्रात हसू नये असा माझा तेव्हा समज होता.

चौदा सेकंद हलले नाहीत.

एका सकाळी माझी शाईची दौत सांडली, वही खराब झाली, आणि लिहायला काही नसल्यामुळे मी नुसता पाहत उभा राहिलो. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. आधी मी नेहमी घड्याळाकडे पाहायचो, माणसाकडे नाही. गडी एकेक करून कडुलिंबाखाली येत होते. रांजणावर पितळी पेला उपडा ठेवलेला. येणारा तो उचलायचा, बुडवायचा, घटाघटा प्यायचा, ठेवून पळायचा. मग हा आला. आला आणि उभा राहिला. रांजणापासून तीन हात लांब. स्टुलावर आमचा म्हातारा चौकीदार बसलेला. त्याने तळहातावरचा तंबाखू नीट मळून संपवला, ओठाआड टाकला, हात धोतराला पुसले, गुडघ्यावर जोर देत उठला, ओगराळं घेतलं, रांजणात बुडवलं आणि वरून धार धरली. हा ओंजळीने पाणी प्याला आणि पळाला.

एकोणीस सेकंद. माझा अंगठा आपोआप दाबला गेला होता.

आता यात मी प्रथमच काही पाहिलं असं म्हणणं म्हणजे आणखी एक खोटं होईल. हे रोज चालत होतं आणि रोज मी तिथेच होतो. ते इतकं रोजचं होतं की मला ते दिसूनही मोजण्यासारखं वाटलं नाही. त्या सकाळी फक्त ते आणि आलेख एका जागी आले. आणि इलाज किती सोपा होता तेही त्याच क्षणी कळलं. पेला त्याच्याही हातात द्यायचा. संपलं. ना हरभरे, ना वीट.

मी सरांकडे गेलो. ते तेल लावत होते. मी म्हणालो की पाण्याच्या थांब्याचं कारण सापडलं. ते म्हणाले, सांग. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नव्हते, नुसतं पाहिलं. पण कडुलिंबाखालचे रांजण त्या कमिटीवाल्या वकिलांनी आपल्या वडिलांच्या नावाने दिले होते, चौकीदार त्यांच्याच गावचा होता, आणि माझं मदतनीसाचं पद दर साली कमिटी नव्याने मंजूर करायची. हे सगळं त्या एका नजरेत मला आठवलं. मी म्हणालो, "त्याला पाण्याशिवाय धावायची सवय लावू या. थांबायचंच नाही."

सर हातातलं तेल विसरले. असं कुणालाच कसं सुचलं नाही, असं म्हणाले. माझी पाठ थोपटली. माझ्या सदऱ्यावर तेलाचा पंजा उमटला आणि मी तो दिवसभर मिरवला.

त्याला मी संध्याकाळी सांगितलं. थोडं शास्त्र घालून सांगितलं, की पोटात पाणी हिंदकळलं की पाय जड होतात, शरीर कोरडं असलं की हलकं राहतं.

"पानीच नाई प्यायचं?" त्याने विचारलं.

"सवय होते."

"सगळ्यायलेच सांगून राहिले, का मलेच?"

मी म्हणालो की ज्याच्या त्याच्या शरीराचा प्रश्न असतो. तो हसून म्हणाला, "बरं हाये. शरीराले सांगतो."

तीन महिने त्याने पाण्याला बगल दिली. थांब्याशी न वळता सरळ पुढच्या फेरीला लागायचा. तोंडाला कोरड पडू नये म्हणून मी त्याला वाळवलेल्या आवळ्याची फोड गालात धरायला लावली. कुठल्याशा जुन्या पुस्तकात तहानेवर आवळा सांगितला होता, ते मी शर्यतीला जोडून दिलं. पहिले काही दिवस त्याचे ओठ फुटले. मग सवय झाली, किंवा त्याने तसं दाखवलं. आणि वेळ उतरला. चौदा सेकंद गेलेच, वर आणखी पाच. तो सहांत पहिला येऊ लागला, रोज. माझा आलेख सरांनी चौकटीत बसवून कचेरीत लावला. मला वर्धापनदिनी दहा मिनिटं बोलायला दिली. त्या दहा मिनिटांत मी जलत्यागाचं शास्त्र मांडलं. माणूस फक्त माणूस असं अध्यक्ष माझ्या आधीच बोलून गेले होते. माझ्या भाषणाच्या वेळी चौकीदार पाहुण्यांना पाणी देत फिरत होता.

चैत्र लागला तशी आम्ही बडनेऱ्याहून अकोल्याची पॅसेंजर धरली. हा खिडकीशी बसला होता. चांदूर मागच्या बाजूला राहिलं होतं, तरी त्याचा बाप बडनेऱ्याला निरोप द्यायला आला होता. पोराच्या दंडाला एकदा हात लावला, जसा माणूस बैल घेताना लावतो, आणि गाडी हलल्यावर उभाच राहिला.

अकोल्याचं ऊन हे काही लिहून सांगण्यासारखं नाही. सकाळी नऊला मैदानावरचा चुना डोळ्यांत टोचत होता. बाजूच्या जिनातून सरकी-कापसाचे तंतू उडून घामाला चिकटत होते. मला वेळ नोंदवणाऱ्यांच्या टेबलावर बसवलं होतं, पाण्याच्या थांब्यापासून पंधरा पावलांवर. शर्यतीला तास होता. मी सहज तिकडे पाहिलं.

रांजण नव्हताच. एक लांब बाक होतं आणि त्यावर जर्मन धातूच्या पेल्यांच्या तीन रांगा, सगळे भरलेले. अकोल्याचे उस्ताद, ज्यांना आम्ही शास्त्र कळत नाही म्हणून हसायचो, ते स्वतः त्यात लिंबू पिळत आणि मीठ टाकत फिरत होते. मी विचारलं की कोणते पेले कोणाचे. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "ज्याले जो सापडन तो. तुमच्याकडं नंबर टाकता का पेल्यावर?" आणि शेजारच्या माणसाला सांगून हसले.

मला ते सगळं समजायला एक क्षण पुरला. इथे थांबायला पाचच सेकंद लागणार होते. या उन्हात लिंबू-मिठाचं पाणी. हा पाच सेकंद थांबला असता तरी सगळ्यांच्या पुढे राहिला असता. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाय मोकळे करत होता. शंभरेक पावलं. मी उठलोही. पण जाऊन सांगायचं काय? की आज पाणी पी. मग तो विचारणार, काहून? तीन महिने नाही आणि आजच काहून? तर मला सांगावं लागलं असतं की दोष तुझ्या पोटात नव्हता, छातीत नव्हता, आमच्या कडुलिंबाखाली होता, आणि मला ते माहीत होतं. मी पुन्हा खुर्चीवर बसलो आणि पेन्सिलीला टोक केलं. टोक आधीच होतं.

शिट्टी झाली. पहिल्या तीन फेऱ्या तो पुढे होता. पाण्याच्या थांब्याशी सगळे वळले, अकोल्याचे वळले, आमचे पाच वळले. हा वळला नाही. गालात आवळा, डोळे समोर. लोक ओरडले. सर माझ्या कानाशी म्हणाले, बघ, शास्त्र. पाचव्या फेरीपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे इतका गेला होता की मी मनातल्या मनात सुटलो. म्हटलं, जिंकतो आहे, आता काही सांगायची गरज नाही, सगळं आपोआप बरोबर होतं आहे.

सहाव्या फेरीत त्याचा घाम थांबला. ते मी टिपलं, पण वहीत नाही. वाळूचं पोतं हे त्याचं सगळ्यात पक्कं काम. त्याने ते खांद्यावर घेतलं, चार पावलं टाकली आणि दोन्ही पोटऱ्या वळल्या. तो पोत्यासकट बसला. उठला. पुन्हा घेतलं, पुन्हा गोळा आला. पोतं त्याने टाकलं नाही, ते छातीशी धरून गुडघ्यांवर सरकत चुन्याच्या रेघेपर्यंत नेलं. तोवर आमच्यातले दोघे निघून गेले होते. आमच्यातून पहिला आला तो एका मालगुजाराच्या घरचा, भला मुलगा, त्याचा काही दोष नाही. त्याला त्या नोकरीची गरजही नव्हती, असं त्यानेच मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला कमिटी बसली. इथे सरांच्या बाबतीत एक गोष्ट सांगायला हवी, कारण इतका वेळ मी त्यांची टर उडवतो आहे. त्यांना तो प्रकार खटकला होता. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "सरावात आपली काही चूक झाली का? झाली असेल तर सांग. नाव आठ दिवसांनी पाठवायचं आहे. आपण पुन्हा चाचणी घेऊ."

सगळे माझ्याकडे पाहत होते. वकीलही. खरं तर ते माझ्याकडे पाहत नव्हते, पान लावत होते. एक वाक्य पुरलं असतं. अगदी अर्धं खरं वाक्यही पुरलं असतं, की पाणी तोडायला नको होतं. रांजणाचं नावही घ्यावं लागलं नसतं. पण माझा आलेख समोर भिंतीवर चौकटीत होता.

"नाही," मी म्हणालो. "सराव बरोबर होता. त्याचं शरीर उन्हाला टिकत नाही."

असं त्या माणसाबद्दल, जो उन्हात लाकडं उचलून पोट भरत होता. कोणी हसलं नाही. वहीत तसं लिहिलं गेलं आणि नाव मालगुजाराकडच्या मुलाचं गेलं. पुढच्या साली माझ्या आलेखाच्या जोरावर मला एका शिक्षणसंस्थेत खेळांचा निरीक्षक म्हणून घेतलं. तिथे मी बरीच वर्षं मुलांना शिकवलं की खेळाडूचं निरीक्षण कसं करावं. आकडे खोटं बोलत नाहीत, हे वाक्य माझ्या तोंडी असे. ते खरंच आहे. आकडे बोलतच नव्हते, बोलायचं मला होतं.

त्याची गाठ पडली ती आठ-नऊ वर्षांनी. धारणीकडच्या एका शाळेची तपासणी होती. परतवाड्याहून एस.टी. धरली. गाडी घाटात शिरल्यावर कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आला आणि पंच हातातच राहिला. म्हणाला, "मास्तर, तुमी इकडं कोनीकडं?" थोडा भरला होता. केस मागे हटले होते. मी म्हणालो, धारणी. त्याने तिकीट दिलं, पुढे गेला, सगळी गाडी उरकली आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला. घरचं विचारलं, नोकरीचं विचारलं. दोन लेकरं होती त्याला. बाप वारला होता.

सेमाडोहच्या अलीकडे सागाच्या लाकडांचा ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. ड्रायव्हर उतरला, लोक उतरले. आम्ही दोघं गाडीतच राहिलो. मी त्याला सांगितलं. सगळं. एकोणीस सेकंद, तंबाखू, सरांचं तेल, अकोल्याचं बाक, शंभर पावलं, कमिटी. सांगताना मी समोरच्या सीटच्या लोखंडी दांडीकडे पाहत होतो. माझी अशी समजूत होती की त्याला हे धक्कादायक वाटेल. इतक्या वर्षांचं गुपित, माझ्या मते ते फार मोठं होतं.

तो म्हणाला, "पेले तर म्याबी पाह्यले होते. पयल्याच फेरीत. लिंबाचा वासबी आला होता."

मी विचारलं, मग प्यायला का नाहीस.

"तुमी म्हनले होते ना, नाई प्यायचं म्हनून." त्याने खांद्यावरची चामड्याची बॅग सारखी केली. "वरून धार काहून धरते ते मले लहानपनापासून मालूम होतं, मास्तर. ते काई तुमी शोधून नाई काढलं. पन म्हटलं, हा एक मानूस पाच महिने वहीत लिवून राहिला आपल्यासाठी. याले काई तरी समजलं असन, जे आपल्याले नाई समजत. भरवसा ठेवला."

बाहेर लोक ट्रकला दोर बांधत होते.

मग त्याने विचारलं, "हे तुमी सरायले सांगतलं?"

सर गेले, मी म्हणालो.

"कमिटीले?"

नाही.

"तुमच्या शाळेतल्या पोरायले, ज्यायले वही शिकवता?"

नाही.

"मंग मले काहून सांगून राहिले?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तिकीट चुकीचं घेतलेल्या प्रवाशाशी बोलावं तसा बोलत होता. "मले तर मालूमच हाये."

ट्रक बाजूला झाला. तो उठला, दाराशी गेला, घंटीची दोरी दोनदा ओढली आणि उतरलेल्या लोकांना आत घेऊ लागला. धारणीला मी उतरलो तेव्हा तो दुसऱ्या कोणाला सुटे पैसे देत होता.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझे केस पिकले, चष्मा आला, नोकरीची थोडीच वर्षं राहिली. शाळेत अजूनही आकड्यांचंच बोलतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगायला माझी जीभ आजही वळत नाही, म्हणून लिहिलं. चूक सरावात होती. त्याचं शरीर उन्हाला उत्तम टिकत होतं. पुन्हा चाचणी घ्यायला हवी होती, आणि ती घेतली गेली असती.